मेलबर्नला दाजींकडे गव्हाची बिअर लावायची आहे, माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून सुरुवात कशी करू?

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. गाळप संपलं, आता ऑफ सीझन. मे अखेरीला मी आणि बायको मेलबर्नला बहिणीकडे चाललोय, परत यायचं जुलैच्या मध्यावर. तिकडे दाजींना घरी बिअर करायची फार दिवसांची हौस आहे. त्यांच्या ऑफिसातल्या एकाने घर बदलताना सगळं सामान देऊन टाकलं: तीस लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्याला खाली तोटी, झाकणावर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी), एक हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची तरंगती काचनळी), बुचं बसवायचं यंत्र. दाजी म्हणतात, "तू केमिस्ट माणूस, तू आलास की लावू."

करायची आहे ती गव्हाची. मागे दाजी इकडे आले होते तेव्हा पुण्यात त्यांनी मला ती पाजली होती. गढूळ पिवळी, वर फेसाचा जाड थर, वासाला पिकलं केळं आणि पाठीमागून लवंग. मला खात्री होती की यात केळं घातलंय. दाजी म्हणाले, यात पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडवटपणासाठी घालायची एका वेलीची फुलं) सोडून काही नाही, हे सगळं यीस्टचं काम. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. आमच्या कारखान्याला लागून डिस्टिलरी आहे, मळीचं फर्मेंटेशन रोज डोळ्यांसमोर चालतं, पण तिथे यीस्टकडून अल्कोहोलचा उतारा सोडून कुणी काही मागत नाही. तेच यीस्ट चवही घडवू शकतं हे मला नवीन आहे.

थोडं वाचलंय. धान्यापासून सगळं करायला मोठी भांडी आणि अख्खा दिवस लागतो, म्हणून पहिल्यांदा माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा आटवलेला तयार अर्क, वापरावं असं दिसतं. पण पुढे गोंधळ आहे. दुकानात म्हणे दोन प्रकारचे डबे मिळतात, त्यातला कोणता घ्यायचा? एका डब्यावरच्या कृतीत "१ किलो साखर घाला" असं लिहिलंय. साखर घालायचीच तर आपला गूळ का नको? जूनमध्ये तिथे थंडी असते, दाजींचं घर रात्री चांगलंच गार पडतं, त्याचं काय करायचं? माझ्याकडे चांगला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजायचं यंत्र) आहे, तो नेऊ का? आणि बहिणीची एकच भीती आहे, बाटल्या फुटतील. तिला काय सांगू?

घरी वडील माळकरी आहेत, त्यामुळे साताऱ्यात हा प्रयोग होणार नाही. जे काही करायचं ते तिकडेच.

कराडचा वकील

वडिलांचा मान राखलात ते उत्तम, पण ते नसते तरी इथे करू नका. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय कोणतंही मादक पेय तयार करणं हा कलम ६५ खाली गुन्हा आहे. "घरच्यापुरती केली, विकली नाही" हा बचाव होत नाही. पुण्यात तुम्ही जिथे प्यायलात ते ठिकाण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतं, म्हणून तिथे ती मिळते. हे लिहितोय कारण हा धागा वाचून सांगली-साताऱ्यातला एखादा पोरगा उत्साहाने डबा मागवायचा.

ऑस्ट्रेलियात स्वतः पिण्यासाठी घरी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. आणि भट्टी लावून स्पिरिट काढणं तिथेही परवान्याशिवाय गुन्हाच आहे, डिस्टिलरीच्या माणसाला म्हणून आधीच सांगितलं.

विश्रामबागकर

कोरेगावकर, तुम्ही केळं आणि लवंग लिहिलंत आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण या बिअरमधली सगळी गोष्ट तिथेच आहे. मी मेलबर्नला बरीच वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. गव्हाची बिअर ही माझी तिथली हिवाळ्यातली आवडती करणी. आता सासूबाईंसाठी सांगलीला परत आलेय, इथे करत नाही, पण सांगायला कोणी विचारलं तर मला मनापासून आनंद होतो.

आधी यीस्ट. केळ्याचा वास येतो आयसोअमाइल ॲसिटेटमुळे, हे एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाचं रसायन, यीस्ट आंबताना तयार करतं. लवंगेचा वास येतो ४-व्हिनाइल ग्वायाकॉलमुळे. गव्हाच्या आणि जवाच्या माल्टमधून फेरुलिक ॲसिड पाण्यात उतरतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड काढून टाकायची ताकद काही ठरावीक यीस्टमध्येच असते. बिअरच्या नेहमीच्या, म्हणजे साध्या एल यीस्टमध्ये ती नसते. म्हणून तुम्ही कितीही गहू वापरा, यीस्ट साधं असेल तर बिअर गढूळ होईल, चवीला बरी होईल, पण ती पुण्यात प्यायलेली होणार नाही. डब्याच्या झाकणाखाली एक पुडी येते, ती बाजूला ठेवा. दुकानातून लॅलेमंड कंपनीचं म्युनिक क्लासिक यीस्ट घ्या, ११ ग्रॅमची एक पुडी पुरते. डब्ल्यूबी-०६ नावाचंही सगळीकडे मिळतं, पण ते इतर यीस्टना न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन शर्कराही हळूहळू खात राहतं. बाटलीत भरल्यावर ते तसंच खात राहिलं तर तुमच्या बहिणीची भीती खरी व्हायची. पहिल्या वेळी ते नको.

मग तापमान. म्युनिक क्लासिक १८ ते २० अंशांवर ठेवा. खालच्या बाजूला लवंग पुढे येते, वरच्या बाजूला केळं. २४ च्या वर गेलात की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास यायला लागतो आणि तो मुरून जात नाही. सगळ्या कृतीत लक्ष कुठे घालायचं तर इथे. बाकी गोष्टीत उन्नीस-बीस चालतं.

जूनमधल्या मेलबर्नमध्ये अडचण उलटी असते. घर १४-१५ अंशांवर येतं आणि यीस्ट सुस्तावतं. डब्याला गुंडाळायचा हीटिंग बेल्ट दुकानात मिळतो, तो घेतलात तर उत्तम. नाही तर घरातली सगळ्यात लहान आणि आतली खोली निवडा, डब्याला जाड पांघरूण गुंडाळा. पहिले दोन-तीन दिवस यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, डब्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं. म्हणून डब्याला बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी लावा आणि तिच्याकडे बघा, भिंतीवरच्याकडे नको. चौथ्या-पाचव्या दिवशी ही उष्णता ओसरते, पांघरूण खरं तेव्हा लागतं. लोक नेमकं त्याच वेळी काढून टाकतात.

आता एक्स्ट्रॅक्ट. हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. धान्याला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात ठेवलं की स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी व्हॅक्यूममध्ये आटवून घट्ट केलं की एक्स्ट्रॅक्ट. तुमच्या इव्हॅपोरेटरमधून रसाचा सिरप होतो तसंच, साधारण ८० टक्के घन भाग होईपर्यंत. दोन प्रकारचे डबे म्हणालात: एकात हॉप्सचा कडवटपणा आधीच घातलेला असतो, दुसरा नुसता माल्टचा. तुम्ही नुसता घ्या, आणि लेबलवर "व्हीट" लिहिलेला. त्यातही शंभर टक्के गहू नसतो, गहू आणि जव दोन्ही असतात, आणि तसंच हवं. जर्मनीतल्या बव्हेरियात वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, म्हणायला निम्मा तरी गव्हाचा माल्ट लागतो, सगळा नाही. ॲडलेडच्या कूपर्स कंपनीचा १.५ किलोचा गव्हाच्या माल्टचा डबा तिकडे सहज मिळतो. दोन घ्या. तारीख ताजी बघा. एक्स्ट्रॅक्ट जुनं झालं की काळवंडतं आणि चवीला एक आंबूस-तुरट छटा येते.

थोडं विषयांतर करते. १५१६ च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय, गव्हाचं नाव नाही. तरी गव्हाची बिअर टिकली, कारण ती करायचा हक्क एका सरदार घराण्याकडे होता आणि १६०२ मध्ये तो तिथल्या राजघराण्याने स्वतःकडे घेतला. पुढे मागणी घटली, आणि १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर या म्युनिकच्या माणसाने तो हक्क मिळवला म्हणून सामान्य ब्रुअरला ती करता आली. त्या घराण्याची बिअर आजही मिळते. मेलबर्नला एक बाटली आणून दाजींबरोबर चाखा, म्हणजे आपल्याला कुठे जायचंय ते समजेल.

हिशोब असा. १ किलो घट्ट एक्स्ट्रॅक्टचं पाणी घालून १० लिटर केलं तर घनता साधारण १.०३० येते (नुसत्या पाण्याची १.०००). ३ किलोचं १९ लिटर केलं तर १.०४७, म्हणजे तुमच्या भाषेत ११.७ ब्रिक्सच्या (शेकडा साखरेच्या) आसपास. आंबून ती १.०१२ पर्यंत उतरते आणि अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या जवळ येतं. डबा तीस लिटरचा आहे ते फार चांगलं. गव्हाची बिअर दुसऱ्या दिवशी असा फेस काढते की लहान डब्यात तो एअरलॉकमधून बाहेर येतो.

साखर नको. गूळही नको. साखर यीस्ट सगळी खाऊन टाकतं, मागे काही ठेवत नाही, त्यामुळे अल्कोहोल वाढतं आणि बिअर पाणचट होते. गव्हाच्या बिअरची मजा तिच्या भरीवपणात आहे. कृतीत जिथे १ किलो साखर लिहिलीय तिथे माल्टचा दुसरा डबा घालायचा. साखर कारखान्यातल्या माणसाला हे सांगताना मला वाईट वाटतंय, पण ऐका.

उकळणं. १० लिटरचं पातेलं पुरतं. ७ लिटर पाणी तापवा, गॅस बंद करा, मग १ किलो एक्स्ट्रॅक्ट ओता आणि तळ खरवडत ढवळा. गॅस चालू ठेवून ओतलंत तर ते तळाशी बसतं आणि करपतं. उकळी फुटताना फेस उसळतो, त्या पाच मिनिटांत पातेल्याजवळून हलू नका. उकळी स्थिरावली की हालरटाऊ जातीच्या हॉप्सच्या २५ ग्रॅम गोळ्या घाला आणि तासभर, झाकण न ठेवता, उकळू द्या. हॉप्समधली अल्फा ॲसिड्स उकळल्याशिवाय कडवट होत नाहीत, तास त्याच्यासाठी. पाकिटावर अल्फाचा आकडा असतो, मी ४ टक्के धरून सांगतेय, जास्त असेल तर त्या प्रमाणात हॉप्स कमी करा. या बिअरला कडवटपणा नावापुरताच हवा. उरलेलं २ किलो एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या दहा मिनिटांत घाला, पुन्हा गॅस बंद करूनच. सगळं तासभर उकळलं तर रंग गडद होतो.

मग पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि हाताला कोमट लागेपर्यंत निववा. डब्यात ओता, वरून गार पाणी घालून १९ लिटर करा. हे वरचं पाणी आदल्या रात्री उकळून झाकून ठेवलेलं असू दे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि या यीस्टची फिनॉलं (लवंगेचा वास देणारी रसायनं) एकत्र आली की बँडेजच्या पट्टीसारखा वास येतो, आणि लवंगेच्या जागी तोच नाकात बसतो. सगळं मिळून १८-१९ अंश झालं की घनता मोजा, यीस्ट वरून भुरभुरा, झाकण लावा.

उकळी थांबल्यानंतर ज्याला ज्याला वर्ट (आंबायच्या आधीचं हे गोड पाणी) लागणार ते सगळं आधी धुतलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं. ही दोन वेगळी कामं आहेत. मळ असेल तर औषध त्याच्या खाली पोहोचत नाही. स्टार सॅन नावाचं निर्जंतुक करायचं औषध मिळतं, लिटरला दीड मिली. त्याचा फेस डब्यात राहिला तर राहू द्या, पुन्हा नळाखाली विसळू नका. तोटी सुटी करून आतून धुवा, दुसऱ्याने वापरलेल्या डब्यात घाण असते ती तिथेच.

रिफ्रॅक्टोमीटर न्या, पण सुरुवातीच्या मापापुरता. अल्कोहोल तयार झालं की त्याचा अपवर्तनांक वेगळा असल्यामुळे यंत्र खोटं, चढं ब्रिक्स दाखवतं. आंबणं संपलं का ते हायड्रोमीटरनेच बघायचं. तो आधी साध्या पाण्यात बुडवून तपासा, आणि कोणत्या तापमानाला कॅलिब्रेट केलाय ते दांड्यावर वाचा.

बाटल्या. दहा-बारा दिवसांनी मोजा. १.०१२ च्या जवळ आलं आणि तीन दिवस तेच राहिलं तरच भरा. एअरलॉकचे बुडबुडे थांबले हा पुरावा नव्हे. बाटलीत फेस येण्यासाठी लिटरला ८ ग्रॅम साखर. इथे मात्र तुमची साखर चालते. गाळ सोडून १८ लिटर निघाली तर १४५ ग्रॅम, काट्यावर वजन करून, चमच्याने नाही. कपभर पाण्यात उकळून गार करा, स्वच्छ बादलीत ती आधी ओता आणि वरून नळीने बिअर सोडा म्हणजे सगळीकडे सारखी मिसळते. बव्हेरियातले लोक याहून जास्त फेस ठेवतात, पण त्यांच्या बाटल्या जाड असतात. बहिणीला सांगा, काचेच्या बाटल्या घेऊच नका. तपकिरी प्लॅस्टिकच्या ७४० मिलीच्या स्क्रूच्या बाटल्या घरगुती बिअरसाठी मुद्दाम बनवलेल्या मिळतात. काच उडायचा प्रश्न नाही, आणि दाबून बघितलं की आतला दाब बोटांना कळतो. दगडासारखी टणक झाली की झाली. तपकिरी अशासाठी की उजेडाने हॉप्सचं रसायन बिघडतं आणि वास येतो.

भरल्यावर दोन आठवडे वीस अंशांजवळ, मग फ्रिजमध्ये. ही मुरवत ठेवायची बिअर नाही, ताजीच चांगली. ओतताना शेवटची दोन बोटं बाटलीत ठेवा, ती गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि मग ग्लासात घाला. ते गढूळपण फेकायचं नसतं.

तुमच्या तारखा बघता, पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लावा. जूनच्या मध्यावर बाटल्या भरल्या जातील आणि जुलैच्या सुरुवातीला तुम्ही तिथे असतानाच पिता येईल.

कोरेगावकर

ताई, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. इव्हॅपोरेटरच्या एका ओळीने एक्स्ट्रॅक्ट डोक्यात बसलं. साखरेचा मुद्दाही पटला.

अजून एक विचारू का? आमच्या मामांकडे खपली असते. गव्हाचीच बिअर करायची तर किलोभर खपलीचं पीठ सोबत न्यावं, उकळताना घालावं, म्हणजे बिअरला आपल्या मातीचं काही तरी लागेल, असं माझ्या मनात आलंय. दाजींनाही ते फार आवडलं.

तासगावचा द्राक्षवाला

खपलीचं नाव आलं म्हणून लिहितो. आमची द्राक्षबाग आहे, पण बांधाकडच्या तुकड्यात दर वर्षी घरापुरती खपली असते. कृष्णाकाठी सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात ती जुनी आहे. तांबेऱ्याला दाद देत नाही, पण वेळ घेते, आणि मळणी झाली तरी दाण्याचं टरफल सुटत नाही, ते कांडून काढावं लागतं. आता डीडीके १०२९, एमएसीएस २९७१ असे सुधारित वाण आलेत. आमच्यात खीर म्हटलं की खपलीचीच.

तुमच्या कामाचं एवढंच सांगतो. बाजारात मिळते ती कांडलेली खपली भिजवून मोड आणायला गेलात तर सगळे दाणे कोंब धरत नाहीत, कांडताना कोंबाला मार बसलेला असतो. माल्ट करायचा असेल तर टरफलासकट दाणा लागतो. आई नाचणीचं सत्त्व करते त्याच रीतीने आम्ही टरफलाच्या खपलीला मोड आणून, सावलीत वाळवून, कांडून, मंद भाजून पीठ करतो. दुधात शिजवलं की लहान पोरांना फार आवडतं. हे साताऱ्यात करा, वडीलही आवडीने घेतील आणि वकीलसाहेबही काही म्हणणार नाहीत.

विश्रामबागकर

द्राक्षवाले दादांनी टरफलाचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी रसायनाची बाजू सांगते.

पिठातला गहू म्हणजे स्टार्च. यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याची आधी साखर व्हावी लागते, आणि ते काम अमायलेज एन्झाइमं करतात. ती मोड आलेल्या धान्यात असतात. एक्स्ट्रॅक्ट आटवताना ती बहुतेक निकामी झालेली असतात. म्हणजे तुम्ही खपलीचं पीठ उकळत्या एक्स्ट्रॅक्टमध्ये घातलंत तर खळ तयार होईल, साखर नाही. बिअर गढूळ दिसेल, पण तो यीस्टचा गढूळपणा नसून स्टार्चचा असेल, आणि उरलेला स्टार्च जंगली यीस्ट आणि जिवाणूंना आयता मिळेल. तुमच्या लॅबमध्ये आयोडीन असतंच, थेंब टाकून बघितलंत तर निळं-काळं होईल.

आणि धान्य बॅगेत घालून नेऊ नका. ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा फार कडक आहे. उतरताना भरायच्या फॉर्मवर सगळे खाद्यपदार्थ लिहावे लागतात, धान्य-बियाणं बहुतेक वेळा काढून घेतात, आणि न सांगता नेलेलं सापडलं तर मोठा दंड होतो.

पण तुमची कल्पना मला मनापासून आवडली. खपली म्हणजे एमर गहू. प्राचीन इजिप्तमध्ये भाकरीही याची आणि बिअरही याचीच होती, आणि बव्हेरियात आजही काही ब्रुअर एमरची बिअर करतात. तेव्हा खपलीचा आणि बिअरचा संबंध ओढूनताणून लावलेला नाही. तो पुढच्या भेटीत जमवा: तिथल्या दुकानातून जवाचा फिका माल्ट भरडून घ्या, एमर तिथेच विकत मिळाला तर तो शिजवून त्यात घाला, ६५ ते ६७ अंशांवर तासभर ठेवा. जवाच्या माल्टमधली एन्झाइमं दोघांच्या स्टार्चची साखर करतील. आयोडीनचा रंग बदलला नाही की झालं. गाळून घेतलेलं ते गोड पाणी पातेल्यात घालायचं आणि तेवढं एक्स्ट्रॅक्ट कमी करायचं. पण पहिली खेप साधीच करा. नुसत्या माल्टची आणि नुसत्या यीस्टची चव एकदा जिभेवर बसली की मग खपलीने काय फरक पडला ते सांगता येईल.

कोरेगावकर

पटलं. खपली घरीच, मोड आणून, द्राक्षवाल्या दादांच्या पद्धतीने. मामांना टरफलासकट ठेवायला सांगितलंय.

शेवटचं एक. तिकडच्या थंडीने घनता मध्येच, समजा १.०२० ला, अडकून बसली आणि माझी परतायची तारीख जवळ आली, तर बाटल्या भरून मोकळं व्हावं का?

विश्रामबागकर

नाही. १.०२० ते १.०१२ या फरकात आपण बाटलीसाठी घालतो त्याच्या दुपटीहून जास्त साखर शिल्लक असते. ती बाटलीत जागी झाली तर प्लॅस्टिकही ताणलं जाईल आणि झाकण उघडताच अर्धी बिअर छतावर जाईल.

एक्स्ट्रॅक्टच्या बिअरी १.०२० च्या आसपास रेंगाळतात, तुम्हालाही ते दिसण्याची शक्यता आहे. डबा २१-२२ अंशांच्या जागी हलवा, आता आंबणं बरंच झालेलं असल्यामुळे एवढ्या उबेने चव बिघडत नाही. झाकण न उघडता डबा अलगद गोल हलवा, म्हणजे तळाला बसलेलं यीस्ट वर येईल. तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा. नमुन्यातले बुडबुडे आधी ढवळून घालवा, ते हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो.

तरी तुमची तारीख आलीच, तर डबा दाजींच्या ताब्यात देऊन या. झाकण बंद असेल तर आणखी दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. तुम्ही इथून त्यांना रोजचा आकडा विचारा, आणि तो १.०१४ च्या खाली येऊन तीन दिवस हलला नाही की मगच त्यांना साखरेचं वजन करायला सांगा.